पाणी आणेल त्याला

प्रिय दोस्ता,

तुझे चौदा फोटो दोनदा पाहिले. त्यांतल्या अकरांत पक्षी पाठमोरा आहे. शेपटी, उघडलेले पंख आणि खाली ओल्या वाळूवर पळणारी सावली. हात तुझा स्थिर आहे, नजरही चांगली आहे. पण प्रत्येक वेळी तू पुढे गेलास आणि पक्षी उठला, हेच त्यांत दिसतं.

किनाऱ्यावर पक्ष्याच्या मागे जावं लागत नाही, पाणीच त्याला आणतं. ओहोटीला चिखल्या, तुतारी, गॉडविट असे किनारी पक्षी दूरवर उघड्या पडलेल्या चिखलात पांगलेले असतात. भरती चढू लागली की चरायची जागा आक्रसत जाते आणि ते पाण्याच्या कडेकडेने आत सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन बस. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा जपून. एकदा मी वाळूच्या दांड्यावर डोळा कॅमेऱ्याला लावून बसलो होतो. मागच्या सखल भागातून पाणी कधी शिरलं, कळलंच नाही. छातीभर पाण्यातून, कॅमेरा डोक्यावर धरून परतलो. आता बसण्याआधी परतीची वाट बघून ठेवतो. तूही ठेव.

सूर्य पाठीशी घे आणि जमलं तर पोटावर आडवा हो. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीला आला की मागची वाळू धूसर होते आणि पक्षी उठून दिसतो. मग हलू नकोस. पहिली वीस मिनिटं काहीच घडणार नाही. नंतर कदाचित सँडरलिंग हे छोटे किनारी पक्षी येतील. लाट परतली की तिच्यामागे धावायचं, चोच वाळूत खुपसायची, पुढची लाट आली की पुन्हा मागे पळायचं. एकदा एक माझ्यापासून दोन हातांवर आला. त्याच्या पायाला मागचं बोट नसतं हे मी वाचलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तो गेल्यावर वाळूत चोचीची भोकं उरली होती, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी ओळीने. मी त्यांचाही फोटो काढला.

बगळ्यांनी तुला छळलेलं दिसतंय, पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग आलाय. चौकटीत बगळा लहान आणि मागे गडद वाळू असली की कॅमेरा त्या वाळूला उजळवू पाहतो आणि बगळा जळतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड निम्मा होईल, आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना, ते बघ. चालत्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद पुरे, सूर मारणाऱ्या सुरय पक्ष्याला १/२५०० तरी ठेव.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट अलास्काहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला गेला. सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न उतरता. असल्या प्रवासाची चरबी हे पक्षी चिखलातल्या किड्यांवर आणि शिंपल्यांवर साठवतात. आपण उठवलं की चरणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं. माझ्यानंतर दुसरा कुणी येतो, मग कुणाचा कुत्रा. म्हणून पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली की तिथेच थांब. मान खाली गेली नाही तर मागे सरक. भरतीला एका जागी दाटीवाटीने विसावलेल्या थव्याकडे तर जाऊच नकोस.

आणि एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा लंगडत तुझ्यापुढे फरफटू लागला तर कॅमेरा खाली घे. तो तुला घरट्यापासून दूर नेतोय. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा, अंडी खड्यांसारखी, सहज पायाखाली जातील. आपल्याच पाऊलखुणांवर पाय ठेवत मागे फीर आणि लांब जा. आईबाप दूर राहिले तर उन्हात अंडी तापतात, म्हणून तिथे एक फोटोही नको. त्या जागेचा पत्ता कुणाला सांगूही नकोस, मलासुद्धा.

घरी आल्यावर कॅमेरा आणि ट्रायपॉडचे पाय ओलसर फडक्याने पूस, खार फार लवकर चढतो.

पुढच्या भरतीला एकाच जागी तासभर बस. तासानंतरचा पहिला फोटो मला पाठव, कसाही आला तरी.

तुझा,
किनाऱ्यावरचा जुना सोबती