एकदाच वापरली, तरी सुई फेकाची कशाले?

प्रश्न : पोराले लस द्यायले पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेलं तं सिस्टरनं टोचल्याबरोबर सुई कटरमधी खटकन कापली. चांगली नवीकोरी होती ना! – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : कापायलाच पाहिजे भाऊ. लसीकरणात एडी (ऑटो-डिसेबल, म्हणजे आपोआप निकामी होणारी) सिरिंज असते, दांडा एकदा पूर्ण दाबला की लॉक, परत भरताच येत नाही, कारण एकाची सुई दुसऱ्याला म्हणजे कावीळ बी, सी नाहीतर एचआयव्ही. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट (दवाखान्यातला कचरा) नियमानं सुया पांढऱ्या पक्क्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. मला काळजी पीएचसीची नाही, साध्या तापालाही इंजेक्शन ठोकणाऱ्या झोलाछाप डॉक्टरची आहे (आणि आपल्यालाही सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही!). तिथं गेलातच तर सिरिंजचं पाकीट डोळ्यासमोर फोडायला लावा, राग आला तर येऊ द्या.