मोबाईलवर दिसलेले २२ अंश

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, ऑफस्पिन टाकतो. गेल्या महिन्यात अकॅडमीतल्या सरांनी नेटमध्ये मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, एका ॲपमध्ये टाकून कोपरावर रेघा मारल्या आणि म्हणाले हात २२ अंश वाकतोय, लिमिट १५ ची आहे, हा बॉल फेकतोय. दोन मॅच त्याला बाहेर बसवलं. आता टीममधली पोरं त्याला फेक्या म्हणतात आणि तो नेटला जायलाच तयार नाही. सर चुकतायत असं मला म्हणायचं नाही, पण मोबाईलवरून हे असं मोजता येतं का? आणि खरंच फेकत असेल तर ते कळणार कसं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, पत्र वाचून पोटात तुटलं. १४ वर्षांच्या पोराला अशी हाक पडते तेव्हा त्याला काय होतं ते मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये खूपदा बघितलंय. म्हणून आधीच सांगते, एका मोबाईल व्हिडिओवरून '२२ अंश' असा आकडा काढून कुणाला टीमबाहेर बसवणं मला अजिबात मान्य नाही. संशय घेणं वेगळं, तो व्हिडिओवरून घेता येतो, पण अंशात निकाल नाही देता येत.

सरांना पहिली गोष्ट ही विचारा की २२ अंश म्हंजे नेमकं काय मोजलं. कारण हात वाकलेला असणं हा गुन्हाच नाहीये. नियम असा आहे की हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, म्हणजे मोजायचं ते वाकणं नाही, वाकण्यातला फरक. सुरुवातीला ३० अंश वाकलेला हात सुटताना पण ३० अंशच असेल तर तो फेकत नाही. कित्येक मुलांचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही, काहींचं उलट मागे जातं. एकाच फ्रेमवर रेघ मारून २२ काढले असतील तर तो आकडा या प्रश्नाचं उत्तरच नाही.

आणि १५ चं लिमिट आयसीसीचं आहे, २००५ पासूनचं. त्याआधी स्पिनरला ५, मीडियम पेसरला साडेसात आणि फास्ट बॉलरला १० अंश अशी वेगवेगळी सूट होती. मग चांगल्या कॅमेऱ्यांनी मोजायला गेले तर ज्यांच्या ॲक्शनकडे कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं अशा बहुतेक बॉलर्सचाही हात थोडाफार सरळ होताना दिसला, म्हणून सगळ्यांना एकच १५ ची रेष आखली. सूट आली ती प्रयोगशाळेतल्या मोजमापासाठी, मोबाईलसाठी नाही.

आता मोबाईलचं बघा. घरातला पंखा चालू करा आणि मोबाईलने त्याचा व्हिडिओ काढा, पाती वाकडी, कोयत्यासारखी दिसतील. पाती सरळच आहेत, पण मोबाईलचा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीओळीने वाचत जातो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकतं. तुमच्या मुलाचा हात पण तसाच फिरतो. दुसरं, समजा तो ताशी ६० किमीने बॉल टाकतो, म्हणजे सुटताना त्याचा पंजा सेकंदाला सोळा-सतरा मीटर धावतोय. संध्याकाळच्या कमी उजेडात मोबाईलने एका फ्रेमला १/५० सेकंद घेतला तर तेवढ्यात पंजा फूटभर पुढे जातो, म्हणजे मनगट कुठंय ते दिसतच नाही, नुसता फराटा दिसतो आणि आपण त्या फराट्यावर बोटाने ठिपका ठेवतो. वर साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, आणि हात आडवा झाल्यापासून बॉल सुटेपर्यंतचा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याच्याही आत संपतो, म्हणजे हातात उरतात दोन-तीन फ्रेम. सुटण्याचा नेमका क्षण त्यात असेलच असं नाही.

पण सगळ्यात फसवी गोष्ट या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे आणि ती भारी मोबाईल घेऊनही जात नाही. आज रात्री दिवा मालवून टॉर्च लावा, मुलाला कोपर थोडं वाकवून भिंतीवर हाताची सावली पाडायला सांगा आणि कोपर तसंच घट्ट ठेवून अख्खा हात खांद्यातून फिरवायला सांगा. सावलीतला हात एका क्षणी वाकलेला आणि दुसऱ्या क्षणी सरळ दिसेल, कोपर मात्र जागचं हललेलं नसेल. एका कॅमेऱ्याचा व्हिडिओ ही अशीच सावली असते. ऑफस्पिनर बॉल सोडताना दंड आतल्या बाजूला पिळतो, त्यामुळे ज्याचं कोपर मुळात वाकडं आहे तो पोरगा व्हिडिओत हमखास 'फेकताना' दिसतो.

श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुरलीधरन, त्याचं हेच झालं. जन्मापासून त्याचा हात पूर्ण सरळ होत नव्हता. १९९५ च्या बॉक्सिंग डे टेस्टला मेलबर्नला अंपायर डॅरेल हेअरने बॉल फेकतोय म्हणून त्याला नोबॉल दिले ते सगळ्यांना आठवत असेल. पुढे २००४ मध्ये त्याने कोपर हलूच शकणार नाही असा कडक ब्रेस चढवून कॅमेऱ्यासमोर बॉलिंग केली, आणि तरीसुद्धा बघणाऱ्याला हात झटकल्यासारखाच दिसला. मला तर ॲक्शनचा वाद निघाला की तो ब्रेसच आठवतो.

आता सर म्हणतील, मी तीनदा मोजलं, तीनदा २२ च आले. इथे जरा थांबा. दरवेळी तेच उत्तर येणं आणि उत्तर बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा मिडऑनला तिरका ठेवला असेल तर तीच चूक तीनदा तितक्याच इमानदारीत येईल. आणि तेच उत्तर तरी येतं का हे पण तपासायला पाहिजे, म्हणजे सरांनी तीच क्लिप आठवड्याने जुना आकडा न बघता परत मोजायची आणि दुसऱ्या कोचने स्वतंत्र मोजायची. एकाला २२ आणि दुसऱ्याला १३ आले तर विषय तिथेच मिटला. बरोबर आहे का हे बघायला मुरलीचीच युक्ती, कोपराभोवती जाड पुठ्ठा आणि क्रेप बँडेज बांधून कोपर फिक्स करा, मुलाला रिकामा हात सावकाश फिरवू द्या (जोर लावून बॉल टाकायचा नाही, खांद्याला लागेल) आणि त्याच जागेवरून शूट करून त्याच ॲपने मोजा. फरक शून्य यायला पाहिजे. ८-१० अंश आले तर तेवढी चूक कॅमेऱ्याची, आणि ती सुद्धा सावकाश फिरणाऱ्या हातावर.

खरी टेस्ट वेगळी असते. उघड्या हातावर खांदा, कोपर, मनगटाला चमकणारे मार्कर लावतात, चारी बाजूंनी सेकंदाला शेकडो फ्रेम घेणारे कॅमेरे असतात आणि कोपराची हालचाल तिन्ही दिशांनी मोजतात. भारतात चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठाच्या सेंटरला आयसीसीने २०१४ मध्ये यासाठी मान्यता दिली. तिथे पण मार्कर कातडीवर असतात आणि कातडी हाडावर थोडी सरकतेच, म्हणजे चूक शून्य नाही, फक्त किती आहे ते त्यांना माहीत असतं.

तुम्ही लगेच चेन्नईला धावू नका. आधी एखाद्या फिजिओकडून कोपर मोजून घ्या, पूर्ण सरळ होतं का, किती मागे जातं, ते कागदावर लिहून घ्या. मग सकाळच्या उन्हात, बाह्या नसलेला बनियन घालून, स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर, समोरून, मागून आणि बाजूने असे सहा-सहा बॉल शूट करा. तिन्हीकडून, आणि एकाच प्रकारच्या बॉलला झटका दिसत असेल तर संशयात दम आहे, तेव्हा त्या बॉलवर काम करू द्या. १४ व्या वर्षी ॲक्शन सुधारते, टाकून द्यायची गोष्ट नाही ती. आणि सरांना एक विनंती माझ्याकडून करा, ती हाक टीममध्ये त्यांनी स्वतः बंद करावी.

प्रश्न : आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फिजिओ व्हिडिओ कॉलवर बघून गुडघा ८५ अंश वाकतोय म्हणतात. भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : इथे मी जास्त निश्चिंत आहे. गुडघा सावकाश वाकतो आणि शेवटी थांबवून धरता येतो, त्यामुळे फराट्याचा प्रश्नच येत नाही. फक्त मोबाईल हातात धरू नका, पलंगाच्या बाजूला स्टुलावर, गुडघ्याच्याच उंचीला, कॅमेरा तिरका न ठेवता बाजूने सरळ गुडघ्याकडे करून ठेवा आणि साडी मांडीपर्यंत वर घ्या म्हणजे मांडीचं आणि नडगीचं टोक दिसेल. दरवेळी जागा तीच ठेवा. ८५ चे ८८ झाले तर आनंद करू नका आणि ८२ झाले तर घाबरू नका, तेवढा फरक नुसत्या नजरेतला असू शकतो. आठवड्याआठवड्याने वाढतंय का ते बघा. पण तीन आठवडे आकडा हललाच नाही, किंवा गुडघा गरम आणि लाल वाटला, तर व्हिडिओ बाजूला ठेवून आईंना सरळ डॉक्टरांकडे घेऊन जा.