गोळ्या चालू असताना दारू: आधी पाकिटामागचं नाव वाच

सोमवारी अक्कलदाढ काढली, डेंटिस्टने अमॉक्सिसिलिन ५०० आणि मेट्रोनिडाझोल ४०० दिवसातून तीनदा, पाच दिवस दिलंय, सोबत दुखण्याची गोळी आहे, आणि शनिवारी रात्री मित्राची हळद, तर "त्या दिवशीच्या गोळ्या स्किप करून दोन पेग घेतले तर चालेल का ताई" असं विचारलंयस. सरळ सांगते, नाही. पेग पण नको आणि स्किप तर अजिबातच नको. पण नुसतं नाही म्हटलं की कुणी ऐकत नाही हे मला माहितीये, म्हणून सविस्तर लिहिते, जरा लांबेल.

मी फार्मासिस्ट, नाशिकजवळ आमचं मेडिकल आहे, १८ वर्षं काउंटरवर उभी आहे. हा प्रश्न लग्नसराईत आणि ३१ डिसेंबरला हमखास येतो, बहुतेक वेळा बाजूचं गिऱ्हाईक गेलं की हळू आवाजात. तू उघड विचारलंस ते फार बरं केलंस.

पहिली गोष्ट, अँटिबायोटिक हे काही एक औषध नाहीये. अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन यांचं दारूशी थेट असं काही भांडण नाही. आजारपणात पिऊन झोप मोडते, अंगातलं पाणी कमी होतं, बरं व्हायला वेळ लागतो, मळमळ-जुलाब आधीच होत असतील तर वाढतात, एवढं आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्याच गोळ्यांची सारखी भीती घातली की एकदा कुणीतरी अझिथ्रोवर बिअर पितो, त्याला काही होत नाही, आणि मग पुढच्या वेळी जिथे खरंच जपायला हवं तिथेही तो "मागे काही झालं नव्हतं" म्हणतो.

जपायचं ते नावाच्या शेवटी "निडाझोल" असेल तिथे. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल. दाताच्या गोळ्यांत असतात, जुलाबाच्या गोळीत तर आपल्याकडे सर्रास असतात, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल अशी जोडगोळी. लोक तिला फक्त "लूज मोशनची गोळी" म्हणतात, अँटिबायोटिक आहे हेच माहीत नसतं.

आपण पितो त्या दारूचं लिव्हर आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, आणि एक एन्झाइम लगेच त्याचं पुढे ॲसिटेट करून टाकतं म्हणून आपल्याला फार जाणवत नाही. ते एन्झाइम अडवलं की विष अंगात साठतं. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिराम गोळी हेच करते. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं ती जंतावरचं औषध म्हणून तपासत होते, स्वतः घेऊन बघत होते, आणि थोडी दारू घेतली की तब्येत बिघडते हे त्यांच्याच लक्षात आलं. (इथे एक सांगूनच ठेवते, नवऱ्याला न सांगता चहा-भाजीत ती गोळी घालणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्यांचं दुःख मला कळतं पण प्लीज असं करू नका, त्यात माणूस दगावू शकतो.)

मेट्रो-टिनिडाझोलवर दारू घेतल्यावर तशीच लक्षणं दिसल्याची नोंद आहे. मी स्वतः एकदाच पाहिलंय पण विसरणार नाही. रात्री दहाला शटर अर्धं खाली होतं, तिशीतला एक जण मित्राच्या खांद्यावर हात टाकून आला, "ॲसिडिटीचं काहीतरी द्या" म्हणाला. तोंड, कान, मान सगळं लालबुंद, जणू उन्हात भाजलंय, शर्टाची बटणं उघडी, छातीवर हात धरलेला आणि म्हणतोय धडधड थांबत नाहीये. पायरीवर बसवलं तर तिथेच उलटी. खिशात काय आहे विचारलं तर जुलाबाच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, दोन उरलेल्या, मागे टिनिडाझोल लिहिलेलं. सकाळी एक गोळी आणि संध्याकाळी दीड बिअर, बस्स. मी काहीही औषध दिलं नाही, रिक्षात घालून हॉस्पिटलला पाठवलं, तिथे बीपी खूप खाली गेलेलं निघालं, सलाइनवर रात्र काढली आणि सकाळी घरी गेला.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू गुगल करून म्हणशील ताईने अर्धंच सांगितलं. २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी १२ धडधाकट पुरुषांवर प्रयोग केला, निम्म्यांना पाच दिवस मेट्रोनिडाझोल आणि निम्म्यांना खोटी गोळी, मग सगळ्यांना मोजून दारू, आणि ॲसिटाल्डिहाइड वाढलेलं दिसलं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ च्या लैंगिक आजारांच्या सूचनांमध्ये मेट्रोवर दारू टाळायची गरज नाही असंही लिहिलंय. मग मी तरी का अडवते? कारण १२ जण म्हणजे सगळी माणसं नाहीत, त्यांना दिलेली दारू वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम होती, ७० किलोच्या माणसाला साधारण तीन स्मॉल (३० मिलीचे पेग), आणि हळदीत तिसऱ्या स्मॉलवर कोण थांबतं? औषधाच्या लेबलवर इशारा अजून आहे, रुग्णांच्या नोंदी आहेत, आणि आपलं शरीर कुठल्या बाजूचं हे आधी कळायची सोय नाही. एका रात्रीसाठी ही परीक्षा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या स्किपचा हिशोब करू. मेट्रोनिडाझोल रक्तात निम्मं व्हायला साधारण ८ तास लागतात, आणि पाच वेळा निम्मं झालं की गेलं असं आम्ही धरतो, म्हणजे ४० तास. टिनिडाझोलला १२ ते १४ तास लागतात, म्हणजे ६० ते ७०. म्हणून लेबलवर कुठे ४८ तास तर कुठे तीन दिवस असतं, मी तीन दिवसच सांगते. शनिवारच्या दोन गोळ्या टाळून रात्री बसलास तरी शुक्रवारचं औषध अंगात असणारच, आणि तिकडे दाढेच्या खड्ड्यातले जंतू मात्र मोकळे. खरं तर मला दारूपेक्षा या स्किपची जास्त काळजी वाटते. "आज पिणार आहे म्हणून गोळी घेतली नाही" असं सांगणारे इतके आहेत, आणि त्यातल्या काहींचा एका दिवसाचा स्किप मग कोर्स सोडण्यातच जातो आणि पंधरा दिवसांनी गाल सुजवून परत येतात.

तुझी दुखण्याची गोळी कुठली ते लिहिलं नाहीस. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल तर तिचं आणि दारूचं जमत नाही, दोन्ही पोटाच्या आतल्या अस्तराला लागतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शी झाली तर थांबायचं नाही, डॉक्टर. त्यात पॅरासिटामॉल मिसळलेलं असेल तर लिव्हरचाही प्रश्न.

"बिअर म्हणजे दारू नाही" म्हणणाऱ्यांसाठी: ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ५२ मिली अल्कोहोल, आणि व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉलमध्ये जेमतेम १३. एका बाटलीत चार स्मॉल झाले. आणि घरातली आसवं-अरिष्टं, दशमूलारिष्ट, द्राक्षासव वगैरे, त्यांच्यात आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतंच, लेबलवर टक्केवारी बघ. बाळंतिणीला दशमूलारिष्ट आणि त्याच आठवड्यात मेट्रो असं माझ्याकडे बऱ्याचदा येतं, मी दोन्ही घेताना डॉक्टरांना विचारायला सांगते. काही कफ सिरप आणि माउथवॉशमध्येही असतं.

बाकी थोडक्यात. हॉस्पिटलमध्ये सेफोपेराझोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन लागलं असेल तर डिस्चार्जनंतर तीन दिवस नाहीच. लिनेझोलिड या अँटिबायोटिकवर रेड वाइन आणि टॅप बिअर नको, बीपी एकदम चढू शकतं. डॉक्सीसायक्लिन रोज पिणाऱ्याच्या अंगातून लवकर निघून जातं, म्हणून पावसाळ्यात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी) ते घेताना पिणं डॉक्टरांपासून लपवू नये.

आणि टीबी. हे मनापासून लिहिते कारण दोन घरं जवळून पाहिली आहेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरवर ताण देतात, कोर्स सहा महिन्यांचा, वर रोजची दारू. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्याला घाबरू नका, पण डोळे पिवळे झाले, अन्न नकोसं झालं, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी टीबीच्या केंद्रात जा. पेशंट पितो म्हणून गोळ्या मात्र बंद करू नका, तिथल्या ताईंना खरं सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडूही नका, हात थरथरतात, फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तर तुझं गणित: पंधरा गोळ्या, सोमवारी रात्रीची एक, मंगळ ते शुक्र बारा, शनिवारी सकाळ-दुपार दोन. तिथून तीन दिवस म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत काही नाही. हळदीत ग्लासात सोडा-लिंबू घे, स्ट्रॉ लावू नको, ओढल्याने दाढेची जखम दुखावते. कुणी आग्रह केला तर दाढ काढलेला गाल दाखव. आणि दुखण्याच्या गोळीच्या पाकिटामागचं नाव इथे टाईप कर, मी रात्री दुकान बंद केल्यावर बघते.