लाइव्ह जॅझ फ्यूजन रेकॉर्डिंगमधलं इंप्रोव्हायझेशन खरंच आयत्या वेळचं असतं, की माझा मित्र म्हणतो तसं सगळं आधी बसवलेलं? सुरुवात कुठून करावी?

तुमचा मित्र गिटार वाजवतो का हो? हेच वाक्य मी एका गिटारवाल्याच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरून आमचं बोलणं बंद आहे, म्हणून विचारतो.

मुखडा, सगळ्यांनी मिळून वाजवायच्या जलद ओळी, सोलो कोणामागून कोणाचा आणि शेवट कसा, एवढं बसवलेलं असतं. मधलं सगळं सुचेल तसं. बंदिश पाठ आहे म्हणून अख्खा ख्याल पाठ आहे, असं सवाईला बसलेला कुणी म्हणत नाही. मग इथंच शंका का? मी तबला वाजवतो. तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणून संपवायचे तुकडे, घरून तयार करून आणलेल्या असतात, पण त्यातली कुठली आणि कुठे टाकायची हे समोरचा काय वाजवतोय त्यावर ठरतं.

आमचा चौघांचा बँड होता, कीबोर्ड धरला तर पाच जण. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत वाजवायचो, समोर लोक पास्ता खात असायचे. एक चीज सात मात्रांची होती. त्या रात्री कीबोर्डचा सोलो संपता संपता बेसवाला एक मात्रा आधी घुसला. म्हणजे त्याची सम, आवर्तनाची पहिली मात्रा, माझ्या सातव्या मात्रेवर. कीबोर्डवाला बेसबरोबर गेला, ड्रमर माझ्याबरोबर राहिला, आणि काही आवर्तनं स्टेजवर दोन समा चालू. मी त्यांच्यामागे धावलो नाही आणि त्यांना ओढायलाही गेलो नाही. माझ्या सातव्यावर संपेल अशी तिहाई उचलली. ड्रमरनं पहिल्या ‘धा’लाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हिशोब धरला, आणि तिसऱ्या ‘धा’वर क्रॅशची झांज अशी हाणली की चौघं एका जागी आले. कीबोर्डवाल्यानं ती तिहाईच उचलली आणि उलटसुलट करत पुढे नेली. अशी दोन मिनिटं मी आयुष्यात फार कमी वाजवली आहेत. गिटारवाला तेवढा वेळ पेडलशी खुडबुडत उभा होता.

महिन्याभरानं रेकॉर्डिंग आलं. ती दोन मिनिटं गायब! कीबोर्डच्या सोलोनंतर थेट शेवटची ओळ, तीही संध्याकाळच्या साउंडचेकमधून उचलून चिकटवलेली. जोड कुठे आहे ते कुणालाही ऐकू येईल: बायाची, म्हणजे तबल्यातल्या डाव्याची, घुमक चालू असते आणि सुरीनं कापावी तशी थांबते. वर नाव काय, तर ‘लाइव्ह’.

मी विचारलं तर आमचे गिटारवाले साहेब म्हणाले, “तिथं आपण सुटलो होतो. आणि माइल्सच्या रेकॉर्डही कापलेल्याच असतात.” हे दुसरं खरं आहे, म्हणून जास्त झोंबलं. जून १९७० मध्ये जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या थिएटरात ओळीनं चार रात्री वाजला. चिक कोरिया इलेक्ट्रिक पियानोवर, कीथ जॅरेट ऑर्गनवर. निर्माता टिओ मासेरोनं त्या चारही रात्री कापूनकुपून चार बाजूंच्या जोड एलपीत बसवल्या, एका बाजूला एक रात्र. पण एलपीच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटंच मावतात. आमचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर जाणार होतं, तिथं कोणती बाजू भरली होती? शिवाय फिलमोरच्या मूळ टेपा जपून ठेवलेल्या होत्या. २०१४ मध्ये चारही रात्रींचं वादन सलग बाहेर आलं. तुमच्या मित्राला तेच ऐकवा. चीजा बऱ्याचशा त्याच, पण एका रात्रीचा सोलो दुसऱ्या रात्री सापडला तर मला कळवा म्हणावं.

सुरुवात मात्र त्यानं करू नका, अंगावर येतं. आपल्या कानाला ‘शक्ती’ या बँडचा पहिला अल्बम सोपा. ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडच्या एका कॉलेजात वाजवलेला: गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीरभाई, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगमवर रामनाद राघवन. लोक गिटारचा वेग ऐकतात. तुम्ही गिटार सोडा आणि खाली तबला-घटम एकमेकांना काय देतात-घेतात ते ऐका. मग मॅक्लॉफ्लिनच्याच आधीच्या बँडचं, महाविष्णू ऑर्केस्ट्राचं १९७३ चं सेंट्रल पार्कमधलं लाइव्ह, ते मोठ्या आवाजात. नावावर मात्र जाऊ नका. वेदर रिपोर्ट या फ्यूजन बँडचा ‘८:३०’ हा अल्बम लाइव्ह म्हणून ओळखला जातो, पण त्याची चौथी बाजू स्टुडिओतली आहे.

काटछाट सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. माइकची शिट्टी काढा, दोन चीजांमधलं ट्यूनिंग काढा. सुरेल कानाच्या माणसानं कापलं तर मासेरोसारखं वेगळंच काहीतरी उभं राहतं, हेही मान्य. पण सुटलेले चौघं परत कसे भेटले हे कापून उरलेल्याला लाइव्ह म्हणायचं, तर घरी बसून वाजवा की!

तुम्ही स्वतः वाजवत असाल तर एक करा. प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक कार्यक्रमाच्या रात्रीच आपापल्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, लॅपटॉप ज्याचा असेल त्याच्यावर सोडू नका. आमची मूळ फाइल अजून गिटारवाल्याकडेच अडकली आहे, मागितली की “हार्ड डिस्क गेली” म्हणतो. ड्रमरच्या मोबाइलवर ती दोन मिनिटं आहेत. आवाज फाटका आहे आणि मधे कुणीतरी बिल मागतंय, पण तिहाई स्वच्छ ऐकू येते. हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो. मित्रालाही ऐकवा.