मंडळीत फूट असताना देवाची वाणी

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) कमिटीच्या निवडणुकीनंतर दोन गट पडले आहेत. दोन्ही गट प्रार्थना करतात आणि देवाने आपल्यालाच मार्ग दाखवला असे सांगतात. पापामुळे देवाचा आवाज ऐकू येत नाही, असे पाळकसाहेब म्हणाले. मग ऐकू न येणारा गट कोणता, हे कसे ओळखावे? (एक वाचक, नगर जिल्हा)

उत्तर : गट ओळखण्याच्या तुमच्या या इच्छेचीच मला काळजी वाटते, कारण ती बाळगताना पाप पलीकडच्या बाजूला आहे असे आपण बहुधा आधीच ठरवलेले असते. बायबलमधील जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात बेथेलची माणसे याजकांना विचारतात की, पाचव्या महिन्यातला शोक आणि उपास आम्ही पुढेही पाळावा काय. देव त्यांना पूर्वजांची आठवण देतो : विधवा, अनाथ, उपरा आणि गरीब यांच्यावर जुलूम करू नका, भावाविरुद्ध मनात वाईट योजू नका, असे सांगितले असता त्यांनी पाठ फिरवली, कान बंद केले आणि अंतःकरण वज्रासारखे कठीण केले, म्हणून पुढे त्यांनी हाक मारली तेव्हा देवानेही ऐकले नाही. उपासाला तिथे कमतरता नव्हती. कान बंद झाले ते शेजाऱ्याशी कसे वागावे हे सांगितले गेले तेव्हा.

करिंथ शहरातील सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही हेच घडले. कोणी प्रेषित पौलाचा, कोणी उपदेशक अपुल्लोसाचा, कोणी केफाचा (म्हणजे पेत्राचा), तर कोणी ख्रिस्ताचा म्हणवत होता, आणि हेवा व कलह असल्यामुळे तुम्हांला जड अन्न देता आले नाही, दूधच पाजावे लागले, असे पौल लिहितो. ‘मी ख्रिस्ताचा’ म्हणणाऱ्यांनाही त्याने वगळलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली प्रभू येशूची आज्ञा नीट वाचा. वेदीपाशी आल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा आहे. दोष कोणाचा किती, याचा हिशेब तिथे मागितलेला नाही. 1964 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ख्रिस्ती ऐक्यावरील आदेशपत्रात, एकतेविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल देवाची आणि विभक्त बांधवांची क्षमा मागितली. निवडणुकीत खरोखर गैरप्रकार झाला असेल तर तो मंडळीच्या नियमांनुसार अवश्य मांडावा. परंतु येत्या प्रभुभोजनापूर्वी, ज्यांच्याशी तुमचे बोलणे थांबले आहे त्यांच्यापैकी एकाच्या तरी घरी जा, निकालाचा विषय न काढता आपल्याकडून काय दुखावले गेले ते विचारा, आणि त्यांचे बोलणे पुरते होईपर्यंत उत्तर देऊ नका.