वाचक विचारतात : दगडावरचा नेचा

प्रश्न : विहीर खोदताना निघालेल्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. हा जीवाश्म असेल का? त्यावरून गोव्याचं प्राचीन हवामान कळेल का? – एक शिक्षिका, सांगे

उत्तर : जीवाश्म बहुधा नाही. सांग्याचे मूळ खडक २०० कोटी वर्षांहून जुने, आणि नेचे पृथ्वीवर आले गेल्या ४० कोटी वर्षांत. ही नक्षी मँगनीजची असावी. तुमच्या भागात त्याच्या खाणीच होत्या. मँगनीज विरघळलेलं पाणी भेगेत झिरपतं आणि कडेपासून आत काळे फाटे फुटत जातात.

खात्री करायची तर दगड घासून धुवा, पूर्ण वाळवा. औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणून एक थेंब काळ्या रेषेवर, एक शेजारच्या कोऱ्या भागावर टाका. रेषेवरच बुडबुडे आले तर मँगनीज. दोन्हीकडे आले तर शेवाळ किंवा माती राहिली आहे, त्यांनीही फेस येतो, पुन्हा धुवा. काहीच झालं नाही तरी हुरळू नका, मँगनीजचा थर फार पातळ असू शकतो. मग १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खऱ्या पानाला मधली शीर, दोन्ही अंगांना ठरावीक अंतरावर पर्णिका (पानाचे छोटे भाग) आणि त्यांत बारीक शिरा दिसतात. मँगनीजचे फाटे वाटेल तसे फुटतात, शीर कुठेच नसते.

या नक्षीवरून हवामान कळणार नाही. त्यासाठी खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीच्या) बांधाकडे बघा. तिथल्या खारफुटीत वाढणारा ॲक्रोस्टिकम हा उंच नेचा ओळखायला सोपा : पानाच्या टोकाकडच्या पर्णिका मागून बीजाणूंनी तपकिरी माखलेल्या असतात. त्याच प्रजातीचे (genus, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) जीवाश्म मध्य भारतात, दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात मिळाले आहेत. आज तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला तर निपा या खाडीकाठच्या ताडाची फळंही सापडली. म्हणजे तेव्हा मध्य भारताचं हवामान उष्ण होतं, कडाक्याची थंडी नव्हती, एवढं नक्की. समुद्राचा फाटा आत आला होता का, हे एवढ्यावरून ठरत नाही. ॲक्रोस्टिकम गोड्या दलदलीतही तग धरतो, शिवाय मोहगावलाच ॲझोला आणि साल्विनिया हे गोड्या पाण्यावर तरंगणारे नेचेही दगडात मिळालेले आहेत.