कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ ‘काव काव’ का करत नाही?

तुमचा प्रश्न असा: धुऱ्यावरच्या कडुनिंबात कावळीने पोसलेलं कोकिळेचं पिल्लू मोठं होऊन कुहूच करतं, मग पक्षी गाणं शिकतात असं शास्त्रज्ञ कशावरून म्हणतात, आणि माणसाच्या बोलण्याशी त्याचा काय संबंध?

कोकीळ शिकतच नाही. त्याचं कुहू (गातो तो काळा नर, ठिपक्यांची मादी नव्हे) जन्मजात आहे. कोंबड्याचंही तेच. खरी गंमत कावळ्याची: वर्गीकरणात गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात तो आहे, कोकीळ नाही. ऐकून आवाज शिकणारे पक्ष्यांचे गट तीनच, गाणारे पक्षी, पोपट आणि अमेरिकेतले हमिंगबर्ड. सस्तन प्राण्यांत माणूस, देवमासे, डॉल्फिन, सील, हत्ती, काही वटवाघळं. आपल्या जवळची माकडं यात जवळपास नाहीतच, म्हणून प्रयोगशाळेत पक्षी लागतो.

तिथला नेहमीचा पक्षी म्हणजे झेब्रा फिंच. ऑस्ट्रेलियातला, आपल्याकडच्या मुनियांच्याच कुळातला. यात फक्त नर गातो. साधारण 25व्या दिवसापासून 65व्या दिवसापर्यंत तो बापाचं गाणं कानात साठवतो. 35व्या दिवसाच्या आसपास स्वतःची पुटपुट सुरू होते, अगदी तान्ह्या बाळाच्या बडबडीसारखी, आणि 90व्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं बसतं. त्या काळात गाणारा नर ऐकायलाच मिळाला नाही, तर गाणं वेडंवाकडं होतं. पिल्लू बहिरं झालं तरीही बिघडतं, कारण स्वतःचा आवाज ऐकून ताडून पाहता येत नाही. दिवसभर स्पीकरवर गाणं वाजवत ठेवलं तर नक्कल उलट कच्ची होते. समोर जिवंत गुरू हवा.

मेंदूत यासाठी दोन वाटा आहेत. एक थेट गाणं गाऊन घेणारी. दुसरी वळसा घालून जाणारी, सरावाची. या दुसऱ्या वाटेतलं एल-मॅन नावाचं केंद्र पिल्लात निकामी केलं की गाणं अर्धवट अवस्थेतच थिजतं. मोठ्या पक्ष्यात केलं तर फारसा फरक पडत नाही. म्हणजे चुका करून पाहणं हे त्या केंद्राचं काम. 2016 च्या प्रयोगात गाताना मध्येच खरखर ऐकवली, तर डोपामिन (शिकण्यात ‘शाबासकी’चा संदेश देणारं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशी मंदावल्या. खरखर अपेक्षित असून आली नाही, तेव्हा चेतल्या. ‘चुकलं, जमलं’ हा हिशेब मेंदू असा ठेवतो.

फॉक्स-पी-टू हे जनुक बिघडलं की माणसाला बोलणं जड जातं, हे 2001 मध्ये लंडनच्या एका कुटुंबावरून कळलं. 2007 मध्ये झेब्रा फिंचच्या पिल्लांच्या मेंदूतल्या, त्याच सरावाच्या वाटेवरच्या ‘एरिया एक्स’ या भागात ते जनुक मंद केलं, तेव्हा नक्कल अपुरी व गचाळ झाली. पण त्याला ‘भाषेचं जनुक’ म्हणणं मला पटत नाही. गाण्यात व्याकरण-अर्थ नसतो. सारखेपणा आहे तो शिकण्याच्या पद्धतीत.

स्वतः पाहायचं असेल तर दयाळ पक्षी घ्या. एप्रिल-मे मध्ये उजाडायच्या आधी तो शेंड्यावरून गातो. मोबाइलवर वेव्ह (.wav) फाइलच्या स्वरूपात दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा, मग स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र: खाली जाड सूर, वर बारीक) दाखवणाऱ्या ॲपमध्ये शेजारच्या दोन नरांची गाणी ताडा. पक्षी पकडू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि आधी घरचा कूलर बंद करा, नाहीतर त्याच्या घरघरीने चित्राची खालची पट्टी पूर्ण भरून जाते.